मी ‘ओळख’: कार्डाची खबर सांगणारा

मित्रांनो, मला हातात धरता येत नाही, कपाटात ठेवता येत नाही, आणि माझ्यावर धूळही बसत नाही. तरीही मी जुना झालो आहे. मी संगणकातला एक छोटासा प्रोग्रॅम. माझे नाव ‘ओळख’. संगणकाच्या पोटात ग्राफिक्स कार्ड नावाची एक पाटी असते. पडद्यावर दिसणारे सारे तीच रेखाटते. ते कार्ड कोणते, त्याच्यावर किती ताण आहे, ते किती तापले आहे, हे त्यालाच विचारून तुम्हाला सांगायचे, एवढेच माझे काम.

माझा जन्म नाशिकजवळच्या सातपूरचा. तिथल्या एका कारखान्यात हर्षाली यंत्रांच्या भागांची चित्रे संगणकावर काढायची. मोठे चित्र उघडले की संगणक गोठून जायचा आणि सकाळपासूनचे काम मातीमोल व्हायचे. कुणी म्हणे वीज खराब, कुणी म्हणे संगणकच खराब. हर्षाली नुसती कुरकुरत बसणाऱ्यांतली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने पोळीभाजी खात, तिने मला लिहायला घेतले. मी चालू लागलो आणि पहिल्याच दिवशी सांगितले, की कार्डाची स्मृती काठोकाठ भरली आहे. तेव्हापासून ती मोठे चित्र तुकड्यातुकड्यांनी उघडू लागली. संगणक पुन्हा गोठला नाही.

दुसरी कुणी असती तर मला कुलपात ठेवले असते. हर्षालीने मला इंटरनेटवर मोकळे सोडले. कुणीही वापरावे, आत काय लिहिले आहे ते वाचावे, चांगले सुचले तर सुधारून पाठवावे. मी कधी न पाहिलेल्या गावांतून लोक आपापल्या कार्डांची माहिती पाठवू लागले. मी शहाणा होत गेलो. माझे कौतुक झाले, आणि खोटे कशाला सांगू, मला ते आवडले.

पण कार्डे दरवर्षी नवी येतात. हर्षालीच्या घरी छोटी आरोही आली, कारखान्यात जबाबदारी वाढली, आणि माझ्याकडे पाहायला तिला सवड मिळेना. नव्या कार्डासमोर मी नुसता ‘अनोळखी’ म्हणून गप्प बसू लागलो. तक्रारी साचल्या. शेवटी तिने जाहीर केले, की आता हे काम थांबवावे असे वाटते. त्यावर घोटीहून दोन ओळी आल्या : “बंद करू नका. माझं रोजचं काम यावर चालतं. आशा.”

हर्षालीने त्या आशाताईंना घरी बोलावले. माझ्यात सर्वांत जास्त सुधारणा करणारा महेशही इगतपुरीहून आला. तो रेल्वेत नोकरी करतो. रविवारची दुपार होती. आशाताई पांढरी काठी टेकत आत आल्या, तेव्हा दोघेही क्षणभर गडबडले. त्यांना दिसत नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

“मी शाळेत संगणक शिकवते,” त्या खुर्ची चाचपून बसत म्हणाल्या. “पडद्यावरचे शब्द संगणक मला वाचून दाखवतो. त्यावर माझं सगळं भागतं.”

हर्षालीने चहा दिला आणि सरळ मुद्द्याला हात घातला. “मला आता वेळ देणं जमत नाही. पुढं काय करायचं ते ठरवू. कुणी घेणार नसेल, तर बंद केलेलं बरं.”

“मी घेतो ना,” महेश म्हणाला. “पण याचं रूप बदलायला हवं, ताई. नुसते आकडे आणि अक्षरं कोण बघतं आता? हे पाहा, मी कितीतरी रविवार घालवलेत यावर.”

त्याने माझे नवे रूप उघडले. काय देखणा झालो होतो मी! गाडीच्या मीटरसारखे गोल काटे, थंड असताना हिरवे, तापले की लाल. हर्षाली पाहतच राहिली.

“मी चालवून बघू का?” आशाताईंनी विचारले. महेशने संगणक त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी वाचून दाखवणारा आवाज सुरू केला, आणि एकेक कळ दाबत पुढे गेल्या.

“चित्र,” संगणक म्हणाला. “चित्र. चित्र. चित्र.”

त्या शेवटापर्यंत गेल्या, पुन्हा मागे आल्या. मग त्यांनी हात कळांवरून काढून मांडीवर ठेवला.

“छान असेल,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पण मला यातून काहीच कळत नाही. मागं एक कार्ड शाळेत जळालं. त्यानंतर मी ‘ओळख’ रोज ऐकते, म्हणून बाकीची टिकली. हे असं झालं, तर ते बघायला मला दुसरं माणूस लागेल.”

महेशच्या रविवारांची मेहनत पडद्यावर झगमगत होती. त्याचे मन किती मोडले असेल, ते मला कळत होते. मग त्याने खुर्ची ओढली आणि तो आशाताईंच्या शेजारी बसला.

“मग आधी शब्द करू,” तो म्हणाला. “काटे नंतर. तुम्ही सांगा, पहिल्यांदा काय ऐकायला येऊ दे?”

“धोक्याचं आधी,” त्या लगेच म्हणाल्या. “कार्डाचं नाव नंतर ऐकलं तरी चालतं.”

संध्याकाळपर्यंत तिघांची चर्चा चालली. काय करायचे, आणि काय मुळीच करायचे नाही, तेही ठरले. पाहुणे निघण्याआधी हर्षालीने माझा कारभार महेश आणि आशाताई या दोघांच्या हाती सोपवला. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा हलका झाला होता.

आता महेश प्रत्येक सुधारणा आधी आशाताईंना फोनवरून ऐकवतो. त्यांनी “कळलं” म्हटले, तरच ती माझ्यात येते. परवा घोटीच्या शाळेत तास चालू असताना मी एकदम बोललो, “पंखा थांबला आहे. कार्ड तापत आहे.” आशाताईंनी आवाजाच्या रोखाने जाऊन तो संगणक बंद केला आणि मुलांना म्हणाल्या, “घाबरू नका. वेळेत कळलं.”

मित्रांनो, माझ्यासारखे कितीतरी प्रोग्रॅम तुम्ही फुकट वापरता. त्यांच्यामागे कुणीतरी आपला रविवार घालवत असते. त्यांना कधीतरी दोन ओळी लिहा. काय आवडले ते सांगा, आणि कुठे अडले तेही सांगा. आशाताईंनी लिहिले नसते, तर मी बंद पडलो असतो. आणि त्या आल्या नसत्या, तर मी आज फार सुंदर दिसलो असतो, आणि त्यांच्यासाठी मुका झालो असतो.