बर्फाची पिशवी

क्लबातल्या मालिशवाल्याची ख्यातीच अशी होती, की कुठलंही दुखणं असो, गडी आधी बर्फ लावणार. प्रेमभंग झाला तरी हा छातीवर बर्फच ठेवेल, म्हणून खेळाडू त्याची टर उडवत. तो मनावर घेत नसे. ही विद्या त्याला वडिलांनी दिली होती, आणि वडिलांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्यामुळे लेकीचे पाय दुखू लागले तेव्हा त्याने दुसरा विचारच केला नाही. पोरगी जरा चालली की थकायची, डोळे पिवळसर दिसायचे, हाडं ठणकतात म्हणायची. डॉक्टरांना दाखवू, असं बायको कितीदा म्हणाली. घरात मालिशवाला असताना डॉक्टर कशाला, हे याचं उत्तर ठरलेलं. शिवाय शाळेतलं धावणं टाळायला पोरगी नाटकं करते, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्या सकाळी त्याने तिचे दोन्ही पाय बर्फाच्या टबात बुडवले आणि गुडघे दाबून धरले. ती किंचाळली, गयावया करू लागली. खेळाडू सोसतात, तूही सोस, म्हणाला शहाणा. मग तिला धाप लागली, ओठ पांढरे पडले, तेव्हा कुठे त्याची पाचावर धारण बसली.

दवाखान्यात रक्त तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवलं. मुलीला सिकलसेल आहे, त्या म्हणाल्या. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि जीवघेण्या कळा येतात. हा दोष दोघांच्याही रक्तात असणार. आईबापांना त्याचा सहसा त्रास होत नाही, पण मुलाला तो दोन्हीकडून मिळाला की आजार होतो. लग्नाआधी रक्त तपासलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. वेळेत आणलीत, वाचेल, पण आता जन्मभर जपायला हवं. मग त्यांनी विचारलं, घरी काय उपचार केला होता?

मालिशवाल्याने सांगितलं.

"थंडीने नसा आणखी आकसतात," बाई म्हणाल्या. "हिला ऊब द्यायची, भरपूर पाणी पाजायचं. बर्फ कधीच नाही."

तो बाहेर आला. समोरून त्याचे वडील लगबगीने येत होते, छातीशी बर्फाची भलीमोठी पिशवी कवटाळून. नात आजारी आणि तुम्ही हातावर हात ठेवून बसलात, म्हणून ते त्याच्यावरच तापले. त्याने त्यांची वाट अडवली आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

म्हातारा ऐकत राहिला. पिशवीतून पाणी ठिबकत होतं.

"तुझा थोरला भाऊही हाडं ठणकतात म्हणायचा," तो म्हणाला.

मालिशवाल्याने या भावाला कधी पाहिलं नव्हतं. लहानपणीच तापाने गेला, एवढंच घरात सांगत.

"शेवटच्या दिवशी फार रडत होता. मी टबात बसवला. मग गप्प झाला." म्हाताऱ्याने पिशवीकडे पाहिलं. "मला वाटलं, गुण आला."

त्या काळी कुणाला काय ठाऊक होतं, असं मालिशवाला पुटपुटला. वडिलांच्या कानात ते शिरलंच नाही.

म्हाताऱ्याने पिशवी फरशीवर ठेवली आणि नातीच्या खाटेपाशी गेला. तिच्या पायांवरून फिरवायला त्याने हात पुढे केला. हात बर्फाने गारठलेला होता. म्हाताऱ्याने हात मागे घेतला आणि तिथेच उभा राहून तळवे एकमेकांवर चोळत राहिला.