तीन शेपट्यांची अळी

माझे सासरे घड्याळजी. चाळीस वर्षं त्यांनी चिमट्याने केसाएवढे स्क्रू उचलले. दुकान बंद केलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता आराम करतील. पण आराम त्यांच्या पत्रिकेतच नव्हता. घरातली धडधाकट घड्याळं उघडून बसायचे.

मी नदीतले बारीक जीव मोजते. प्रवाहात जाळं धरायचं, वरच्या अंगाचे दगड पायाने ढवळायचे, जाळ्यात येईल ते बाटलीत भरायचं. मग पांढऱ्या थाळीत गाळ ओतून एकेक जीव वेचायचा. कोण सापडतं त्यावरून पाण्याची तब्येत कळते. त्या वर्षी माझी मदतनीस बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि साठ बाटल्या तुंबल्या.

"दे इकडे," बाबा म्हणाले आणि डोळ्याला भिंग लावून जेवणाच्या टेबलाशी बसले.

सासूबाईंनी नाकाला पदर लावला. "घड्याळं परवडली. वास तरी येत नव्हता."

आठवड्याभरात ते माझ्यापेक्षा भरभर वेचू लागले. एका दुपारी हाक आली, "सूनबाई, ही तीन शेपट्यांची कोण?"

मी बाटलीवरची चिठ्ठी वाचली आणि खुर्चीच ओढली. नमुना रंगाच्या कारखान्याच्या खालच्या प्रवाहातला होता. ही अळी घाण पाण्यात टिकतच नाही. त्या पट्ट्यात बारा वर्षांत कुणाला मिळाली नव्हती. आणि ती बाटली मी स्वतः रिकामी म्हणून बाजूला ठेवली होती! बाबांनी हातासरशी पुन्हा उघडली होती.

ऑफिसात साहेबांनी मान हलवली. "घरी निवडलेला नमुना? दुसऱ्या बाटलीतली सरमिसळ झाली असेल."

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी डोळ्याचं भिंग उतरवलं. "एका घड्याळाचा स्क्रू दुसऱ्यात कधी गेला नाही माझ्या हातून," ते हळूच म्हणाले. मग ताडकन उठले. "साहेबांना म्हणावं, चला नदीवर."

साहेब आले. जाळं त्यांनी स्वतः धुतलं, झटकलं, उजेडात धरून पाहिलं. दगडही स्वतःच ढवळले. थाळीत गाळ, कुजकी पानं, लाल किडे. दहा मिनिटं गेली.

बाबा कुरकुरत्या गुडघ्यांनी वाकले. "तिथे. पानाच्या काठाला."

नखाहून लहान. पोटाच्या कडेचे कल्ले फडफडत होते. मग दुसरी दिसली, मग आणखी दोन.

"आजोबा, दिसलं कसं तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"चालू आणि बंद यातला फरक कळला नसता, तर दुकान कशाला काढलं असतं?"

साहेब मनापासून हसले. मग मला म्हणाले, "म्हणजे नदी बरी झाली?"

"बरी नाही. पण मेलेली म्हणता येणार नाही."

त्यांनी वहीत त्या पट्ट्यापुढे लिहिलेला 'निर्जीव' हा शब्द तिथेच खोडला.

अहवालात 'नमुने निवडणारे' या रकान्यात मी बाबांचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे 'घड्याळजी'. कारकून म्हणाला, हे बरं दिसत नाही. साहेबांनी सही केली.

अहवाल घरी आणला, तर बाबांनी दोनदा वाचला आणि थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, हल्ली मी नदीच्या कामात आहे. हो, वेळ मिळत नाही अगं."