भरलेल्या खुर्च्या

इमोजेनने अंगातला निळा स्वेटर काढला आणि खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. दोन पावले मागे सरून तिने तो पाहिला. मग पुन्हा पुढे होऊन एक बाही खाली सोडली, कुणीतरी घाईत उठून गेल्यासारखी.

"आता त्या खुर्चीला एक नावही दे," फर्गस आपल्या टेबलावरून म्हणाला. "म्हणजे पगार काढायला बरं."

"तू गप्प बस. आणि त्यांना सांग, माउस हलवत राहा म्हणावं."

ते म्हणजे गावच्या चर्चमधले घंटावादक. दर रविवारी मनोऱ्यात घंटांचा क्रम दर फेरीला बदलत दोर ओढणारी ही सहा माणसे आज बटाट्यांच्या जुन्या वखारीत संगणकांसमोर अवघडून बसली होती. त्यांचे म्होरके मिस्टर थर्लो टाय लावून आले होते. असल्या कंपनीत कुणी टाय लावत नाही हे इमोजेनने बजावले होते, पण बँकेतून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना टायशिवाय कचेरीत बसणे जमेना.

"पोरी," ते मान न वळवता म्हणाले, "हा पडदा काळा झाला. मी काही बिघडवलं का?"

"नाही, मिस्टर थर्लो. तो झोपलाय. कुठलंही बटण दाबा."

"नशीबवान आहे," मागून मेव्हिस म्हणाली. ती मनोऱ्यातली सर्वांत छोटी घंटा वाजवीत असे आणि सर्वांत मोठ्याने बोलत असे.

इमोजेनला हसू आले नाही. इंग्लंडमधल्या ईली शहराजवळच्या या वखारीत एकेकाळी एकही खुर्ची रिकामी नव्हती. जमिनीखालचा पाण्याचा नळ कुठे गळतो ते वरून ऐकून सांगणारे यंत्र तिने आणि फर्गसने इथेच तयार केले. मग पैसा आटला. आधी व्याजदर चढले, मग लंडनच्या शेअर बाजारात नव्या कंपन्या यायच्याच थांबल्या, आणि ज्यांच्याकडे गुंतवायला काही उरले होते त्यांना दुसरेच वेड लागले. "पाटीवर एआय लिहू या," असे फर्गस रोज म्हणे, "नळाला कान लावणाऱ्यांना कोण विचारतो?" एकेक माणूस गेला. आता ती, फर्गस आणि टेस उरले होते. गेल्या पानगळीत एका फंडाच्या बाई पाहणीला आल्या होत्या. दारातच थबकून त्यांनी विचारले होते, "आज सुट्टी आहे का?" आठवड्याने नकार आला. सध्याची परिस्थिती पाहता, असे त्यात होते. सगळ्यांच्याच नकारात ते असे.

आता उरली होती ती एक अमेरिकन कंपनी. तिला यंत्राचे पेटंट हवे होते, वखार नको होती, माणसे नको होती. काम इथेच चालू ठेवा, एवढेच इमोजेनने मागून पाहिले होते. दुसरे कुणी दारात उभे नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते, त्यामुळे ते नम्रपणे नाही म्हणाले. शुक्रवारी त्यांना उत्तर द्यायचे होते. त्याआधी आज लंडनच्या एका फंडाचे ऑब्री टॉलमन येणार होते. त्यांनी पैसे घातले तर वखार राहणार होती. नाहीतर कुलूप.

टेसने दारातून डोके आत घातले. "आले. पण गाडी नाही. मागच्या शेतातून चालत येताहेत."

"मागून?"

"बांधावरून. वखार मागून बघत बघत."

फर्गसने इमोजेनकडे पाहिले. "न सांगता मागून. कशाला?"

ऑब्री टॉलमन उंच, किंचित वाकलेले, पिकल्या केसांचे गृहस्थ होते. बुटांना दलदलीचा काळा चिखल लागला होता. स्टेशनवरून चालतच आलो, हवा छान आहे, असे ते म्हणाले. बाहेर मार्चचा वारा पत्रे वाजवत होता.

"चहा?" टेसने विचारले.

"नको. आभारी आहे."

इमोजेनच्या मनात संशयाचा पहिला खडा तिथे पडला. एवढ्या वाऱ्यातून चालत येऊन चहाला नको म्हणणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

ते खोलीभर सावकाश फिरले. जाताजाता त्यांनी हीटरवर तळवा टेकवला. तो आज सकाळीच लावला होता आणि अजून नीट तापला नव्हता. टेबलाखालच्या कचऱ्याच्या रिकाम्या टोपलीत त्यांनी नजर टाकली. निळ्या स्वेटरपाशी ते क्षणभर थांबले, मग इमोजेनकडे पाहिले. पातळ सदऱ्यात तिच्या हातांवर शहारे आले होते. तिने हाताची घडी घातली.

"जागा भाड्याची?" त्यांनी विचारले.

"हो."

"करार कधीपर्यंत?"

"उन्हाळ्यापर्यंत. पण वाढवता येईल. मात्र आम्हाला शुक्रवारपर्यंत काय ते ठरवावं लागेल."

"आणि कंपनी कुणी विकत घेतली, तर इथली किती माणसं तिकडे जायला तयार होतील?"

ती उत्तर देईपर्यंत फर्गस कोरडेपणाने म्हणाला, "विकायचा विषय कुठून निघाला?"

"सहज विचारलं."

शेअरच्या भावाचे, हिश्शाचे, पुढच्या तीन वर्षांच्या विक्रीचे आकडे इमोजेनने घोटून पाठ केले होते. त्यातले त्यांनी काहीच विचारले नाही. वही काढली नाही, फोनमध्ये काही टिपले नाही. ते अंगणाकडे वळताच फर्गस तिच्या कानाशी आला.

"हा त्यांचाच माणूस आहे. आपण किती मोडकळीला आलोय ते बघायला धाडलाय. शुक्रवारी भाव आणखी पाडतील, बघ."

"हळू बोल."

"यंत्र दाखवू नकोस."

"न दाखवून काय करू? मेव्हिसला नाचायला सांगू?"

अंगणात त्यांनी मुद्दाम एक नळ पुरला होता. सुईच्या टोकाएवढे त्याला भोक होते. इमोजेनने यंत्राची सळई जमिनीत खोचली आणि ऑब्रींच्या हाती हेडफोन दिले. त्यांनी डोळे मिटले. वाऱ्याने त्यांचा कोट फडफडत होता, पण ते हलले नाहीत. गरजेपेक्षा बराच जास्त वेळ ते तसेच उभे राहिले.

"कुणीतरी झोपेत श्वास घेतंय असं वाटतं," शेवटी ते म्हणाले. हेडफोन काढून त्यांनी ते जपून तिच्या हातात ठेवले. "हे खरं आहे."

"तुम्हाला काय वाटलं होतं?" तिच्या तोंडून गेले.

ते दाराकडे वळले.

आत टेस चहाचे तबक घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होती. मिस्टर थर्लोंपाशी ती वाकली.

"तुम्ही कसा घेता? दूध? साखर?"

"तीन चमचे, पोरी. बायकोला सांगू नकोस."

"आणि तुम्ही?"

"मला बिनदुधाचा," मेव्हिस म्हणाली. "आणि बिस्किटं आहेत का? नाही म्हणजे, नेहमीची?"

ऑब्री दारातच उभे होते. त्यांची मान टेसकडे वळली आणि तशीच राहिली. टेस पुढच्या टेबलाशी गेली, पुन्हा तेच विचारले. इमोजेनला आपली चूक त्या क्षणी कळली. कोण कुठे बसणार, कुणी बोलायचे नाही, गाड्या कुठे लावायच्या, सगळे तिने ठरवले होते. चहा ठरवायचा राहून गेला होता. रोज आळीपाळीने सगळ्यांचा चहा करणाऱ्या कचेरीत असे कुणी कुणाला विचारत नाही. पाहुण्याला विचारतात, किंवा पहिल्या दिवशी आलेल्याला.

ऑब्री मिस्टर थर्लोंच्या खुर्चीपाशी गेले.

"आपण इथं काय बघता?"

मिस्टर थर्लोंनी टायची गाठ चाचपली. खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती.

"क्रम," ते म्हणाले. "कोण आधी, कोण नंतर. शेकडो क्रम असतात, साहेब, आणि एकही दोनदा येता कामा नये. एक जण चुकला की सगळं पहिल्यापासून."

"आणि हे सगळं साठवता कुठे?"

"डोक्यात," मिस्टर थर्लो म्हणाले. "आणखी कुठे?"

मेव्हिसला ठसका लागला. ऑब्रींनी गंभीरपणे मान डोलावली आणि कोटाची बटणे लावायला घेतली.

इमोजेन त्यांना पोचवायला बाहेर आली. दार लोटून घेतल्यावर आतले आवाज बंद झाले आणि नुसता वारा राहिला.

"टेस इथं कधीपासून आहे?" त्यांनी विचारले.

"सुरुवातीपासून."

"आणि ते टायवाले गृहस्थ?"

"दोन वर्षं." हेही तिने पाठ केले होते.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "आणि ते साखर किती घेतात हे तिला ठाऊक नाही."

इमोजेन दूरच्या काळ्या शेतांकडे बघत राहिली. तिचे दात वाजत होते. थंडीने की कशाने, ते तिलाही सांगता आले नसते.

"मग संपलंच म्हणायचं."

"मी असं म्हटलं नाही." त्यांनी बुटाची कड पायरीवर घासली. चिखल निघाला नाही. "आमच्याकडे गडबड कपांची झाली. जानेवारीत एका पेन्शन फंडाची माणसं आली होती, आमच्या फंडात पैसे घालावेत का ते बघायला. आम्ही सगळ्यांच्या हातात नवे कोरे कप दिले, एकसारखे. कुणाच्या टेबलावर स्वतःचा कप म्हणून नव्हताच. माझ्या शेजारी कर्मचारी म्हणून माझा मेव्हणा बसला होता. त्यांच्यातल्या मुख्य बाईंनी कप बघितले, चहा संपवला, आभार मानले आणि गेल्या."

इमोजेनने हळूच मान वळवली.

"तुम्ही शेअरचा भाव विचारला नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

"हिस्साही नाही."

"नाही."

"चालत आलात."

"हवा छान होती," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांची नजर खाली गेली. "भेटी थांबवल्या की फंड रिकामा झाल्याचं लोकांच्या लक्षात येतं. म्हणून भेटी चालू आहेत."

"वा!" तिचा आवाज चढला. "म्हणजे तुमच्यासाठी मी सहा म्हाताऱ्यांना सकाळपासून इथं गारठवलंय? अंगातला स्वेटर खुर्चीला घातलाय?"

"हो. तो मी पाहिला. तुम्हाला थंडी वाजतेय."

पत्र्याखालून मेव्हिसचे मोठ्याने हसणे ऐकू आले.

"विकत घेणारे गुरुवारी येणार ना?" ऑब्रींनी विचारले.

ती एकदम सावध झाली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही शुक्रवार म्हणालात. शुक्रवारी उत्तर घ्यायचं तर आदल्या दिवशी कुणी ना कुणी येऊन बघून जातंच. मीही तसंच करत असे." ते थांबले. पुढचे शब्द त्यांना जड जात असावेत. "गुरुवारी मला काही काम नाही. माझं नाव अजून फंडाच्या दारावर आहे. त्यांच्यातला कुणी मला ओळखेल. ओळखलं तर बरंच. दुसरं कुणी दारात उभं आहे असं वाटलं, तर वखारीबद्दल ते निदान बोलायला तरी बसतील."

"आणि तुम्ही काय बोलणार?"

"काही नाही. मी नुसता बसेन."

इमोजेन त्यांच्याकडे पाहत राहिली. फर्गसचे बोलणे तिच्या कानात होते. हा त्यांचाच माणूस असेल तर तो नेमके हेच म्हणेल. गुरुवारी आत बसेल, सगळे ऐकेल, आणि शुक्रवारी भाव पडेल. तिने त्यांच्या बुटांकडे पाहिले. तळाच्या कडेला शिवण उसवली होती आणि कुणीतरी, बहुधा त्यांनी स्वतःच, जाड काळ्या दोऱ्याने ती टाचली होती. टाके वेडेवाकडे होते.

"मघाशी चहा नको म्हणालात," ती म्हणाली.

"हो."

"का?"

त्यांनी खांदे किंचित उडवले. "पाहुण्यासारखा प्यावासा वाटेना. देण्यासारखं काही हातात नव्हतं."

वारा पुन्हा पत्र्यांवर आदळला. स्टेशनकडची वाट लांब होती आणि ते कॉलर वर करून उभे होते, निघायची परवानगी मागितल्यासारखे.

"कसा घेता?" इमोजेनने विचारले.

त्यांना क्षणभर समजले नाही. मग समजले.

"कडक. दूध थोडं. साखर नाही."

तिने ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिले. मग दार अर्धे उघडले. आतली ऊब आता कुठे अंगाला लागण्याइतकी झाली होती.

"टेस," ती म्हणाली, "वरच्या फडताळात एक जुना कप आहे बघ. कडेला टवका उडालेला. तो खाली काढून खिडकीजवळच्या टेबलावर ठेव."

"कुणाचा आहे तो?" टेसने आतून विचारले.

इमोजेनने खुर्चीवरचा स्वेटर उचलला आणि अंगात चढवला.

"ऑब्रींचा," ती म्हणाली. "त्यांचाच आहे तो."