माझ्या पाटीवरची एकच ओळ

या, मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. टाळ जरा खाली ठेवा आणि घटकाभर माझी कथा ऐका. कथा गोड नाही, पण खरी आहे. सांगताना माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

मी एक जुना झाडू आहे. काड्यांचा नव्हे, संगणकात राहणारा. धुळ्याला देवपुरात एका भजनी मंडळाचा संगणक आहे, त्यात तीस वर्षांची कीर्तने साठवलेली. डिस्क भरली की नव्या कीर्तनाला जागा उरत नसे, म्हणून लीलाधर नावाच्या प्रोग्रामरने मला घडवले. मी सर्वांत जुनी कीर्तने आधी उचलतो आणि कायमची पुसतो. पण "अमुक फोल्डर वगळ" असे कोणी सांगितले, तर त्याला बोटही लावत नाही.

लीलाधर दर वेळी हाताने वगळायचा ते फोल्डर पारोळ्याच्या भागाबाईंचे. ही माउली दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी कीर्तनाला उभी राही. अभंगाचा एकेक शब्द असा उलगडून सांगे, की दाराशी चपला सांभाळत बसलेल्यालाही तो कळावा. त्यांची छत्तीस कीर्तने मी अकरा वर्षे जपली. मंडळी कौतुकाने म्हणत, "झाडू मोठा गुणाचा!" मीही फुशारून जायचो.

आता माझ्या संतापाचे कारण ऐका. आमच्यासारख्या प्रत्येक साधनाला माहितीची पाटी असते. परका माणूस आला तर ती वाचून त्याने साधन चालवावे. माझ्या पाटीवर लीलाधरने काय लिहिले? "जागा मोकळी करतो." संपले! जुने आधी जाते, गेलेले परत येत नाही, वगळायची सोय आहे, यातले एक अक्षर नाही. ते सारे त्याच्या डोक्यात, आणि डोके घेऊन तो नोकरीला नाशिकला गेला.

यंदा मंडळाने एआय मदतनीस आणला. सप्ताहाच्या चौथ्या दिवशी डिस्क भरली. संगणक सांभाळणाऱ्या पुनमताई घाईत म्हणाल्या, "जागा कर." मदतनिसाने माझी पाटी वाचली. मला वगळायला काहीच न सांगता त्याने चालवले. मी चाललो. नाही म्हणायला मला तोंड कोणी दिले होते? "जागा झाली," तो म्हणाला, आणि सगळे खूश!

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पारोळ्याहून मंदाबाई आल्या. भागाबाईंची लेक. आईच्या पुण्यतिथीला गावात तिचे कीर्तन लावायचे म्हणून पेनड्राइव्ह घेऊन आलेल्या. पुनमताईंनी फोल्डर उघडले. रिकामे.

"मनी मायना आवाज कोठे शे?" मंदाबाईंनी आईच्या आवाजाबद्दल अहिराणीत विचारले.

पुनमताईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"बठ्ठं गयं? सगळंच?"

त्या कीर्तनांच्या मूळ कॅसेटी तर बुरशी लागून कधीच टाकल्या होत्या. मृदंग वाजवणारे प्रेमराज आबा कडाडले, "काढून टाका ते यंत्र! आणि तो झाडू पण!"

"आबा, पाटीवर होतं तेवढंच मदतनिसाने केलं," पुनमताई म्हणाल्या. "मीही काय काय पुसलं जाईल ते विचारलं नाही. चूक माझी आहे."

मग लीलाधरला फोन लागला. तो सहज म्हणाला, "अहो ताई, त्यात लिहायचं काय? सगळ्यांना माहीत होतं ते."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला रे?" आबांनी फोनच हिसकावला. "तुला आन् तुझ्या देवाला? देव काही कीबोर्डावर बसत नाही! कीर्तनकार नुसता अभंग म्हणून खाली बसतो का? निरूपण करतो ना? मग तुझं निरूपण कुठंय?"

"येतो मी," पलीकडून लीलाधर म्हणाला.

रविवारी लीलाधर स्वतः आला. मंदाबाईंच्या पाया पडला आणि लिहायला बसला. मी काय करतो, काय पुसतो, काय परत येत नाही, काय वगळता येते. आधी यादी दाखवावी आणि माणसाचा होकार घ्यावा. होकाराशिवाय मी हलणारच नाही, अशी कडीही त्याने मला घातली. मग पुनमताईंनी पुन्हा जागा मागून पाहिली. मदतनीस म्हणाला, "ही बारा कीर्तने कायमची जातील. काढू का?" पुनमताईंनी यादी वाचली आणि नको म्हणाल्या.

इतके सोपे होते, मित्रांनो! दहा ओळी! माझा राग अजून शांत होत नाही तो याच कारणाने.

निघताना मंदाबाई पाटीपाशी थांबल्या. "हे कशापायी लिहिलं, तेपण लिहा. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, कशाला एवढं पुराण, आणि खोडून टाकेल."

लीलाधरने शेवटी एक ओळ घातली: "हे लिहिलेले नव्हते, म्हणून पारोळ्याच्या भागाबाईंची छत्तीस कीर्तने गेली." मला चालवण्याआधी मदतनीस ती ओळ दर वेळी वाचतो.

मित्रांनो, उद्या तुम्हीही आमच्यासारखी साधने घडवाल. पाटी लिहायचा कंटाळा येईल, "हे काय सगळ्यांना ठाऊकच आहे," असे वाटेल. तेवढ्या क्षणी भागाबाईंची आठवण काढा. त्यांचा आवाज आता तुम्हाला कोणी ऐकवू शकणार नाही.