मागे घेतलेला नट

माझ्या रागानं आजवर माझंच नुकसान केलं होतं. त्या बुधवारी मात्र तो चौदा बायकांच्या जिवावर उठला.

राजापेठेच्या मागच्या गल्लीत माझं गॅरेज आहे. समोर शिकवणीचे वर्ग, त्यामुळे सकाळपासून माझ्या शटरपुढे पोरांच्या स्कूट्या. मी रोज भांडतो आणि त्या रोज तिथेच असतात. त्या दिवशीही पोरं गाड्या लावत होती आणि मी ललिताताईंच्या गाडीखाली पाय बाहेर काढून आडवा पडलो होतो.

ललिताताई नवरा गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षांपासून, स्वतः प्रवासी गाडी चालवतात. गल्लीतल्या बायकांना लग्नाला, दवाखान्यात, देवाला नेणं हा त्यांचा धंदा. अकरा वाजता चौदा जणींना घेऊन त्या रिद्धपूरला देवदर्शनाला निघणार होत्या आणि गाडी मागून तेल गाळत होती. मागची चाकं फिरवणारा तो लोखंडी गोळा, म्हणजे डिफरन्शियल. इंजिनाकडून येणारा शाफ्ट त्याच्या तोंडाशी ज्या दोन कानांच्या तुकड्याला जोडलेला असतो, तो योक. तो झिजून त्यावर चर पडला होता. तेल अडवणारं रबरी सील दोनदा बदलूनही तेल थांबलं नाही, म्हणून योकच नवा टाकायचा ठरला.

योक बदलणं म्हणजे चार बोल्ट आणि एक नट, असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल वाटून घ्यावं. तो एक नट आतल्या दोन बेरिंगांवर ताण बसवतो. ताण कमी पडला तर दाते खिळखिळे होतात, जास्त झाला तर बेरिंग जळतं. त्या दोन बेरिंगांच्या मधे एक पातळ नळी असते, स्लीव्ह. नट आवळू तशी ती चेपत जाते. गरजेपेक्षा जास्त चेपली की ती पुन्हा फुगत नाही. काढून फेकायची आणि नवी टाकायची, दुसरा उपाय नाही.

ताण मोजायला माझ्याकडे पाच किलोचा छोटा स्प्रिंगचा काटा आहे. योकला दोरी गुंडाळायची, काटा अडकवायचा आणि हळू ओढायचं. खोलण्याआधी सव्वा किलो भरलं होतं, नव्या सीलमुळे आता दीड हवं होतं. मी थोडं आवळायचो, मोजायचो, पुन्हा थोडं आवळायचो. सव्वा किलो झालं आणि तेवढ्यात एका पोरानं स्कूटीचं चाक माझ्या पायावर घातलं.

"काहून बे, दिसत नाही काय तुले?" मी ओरडलो आणि ओरडताना सगळा जोर हातातल्या पान्यावर काढला. पुन्हा मोजलं तर काटा तीन किलोवर.

दुसरी स्लीव्ह माझ्याकडे नव्हती. अकोल्याच्या दुकानात मिळाली असती, पण दुसऱ्या दिवशी. साडेदहा वाजले होते. ललिताताई बाहेर बायकांना फोनवर सांगत होत्या, "निघा वं, गाडी झाली." मी नट जरासा मागे घेतला. काटा बरोबर दीडवर आला. नवीन पोरांना मी स्वतः सांगतो की हा दीड खोटा असतो, असा नट पुढे ढिला होतो आणि चालत्या गाडीची मागची चाकं जाम होऊ शकतात. तरी बाहेर येऊन म्हणालो, "घ्या ताई, एकदम फिट."

गाडी गेली. मी हात धुतले, डबा उघडला. बायकोनं पातोडीची भाजी दिली होती, माझ्या आवडीची. तो तसाच झाकून ठेवला. ललिताताईंना सात वेळा फोन लावला, गाडी चालवताना त्या उचलत नाहीत. शेवटी शटर अर्धवट ओढून मोटारसायकल काढली. वाटेत प्रत्येक वळणावर मला ती गाडी आडवी पडलेली दिसत होती.

शहरापासून वीसेक किलोमीटरवर एका चहाच्या टपरीपुढे गाडी उभी दिसली. धडधाकट. बायका हसत चहा पीत होत्या. मी सर्वांदेखत सगळं सांगून टाकलं.

मनकर्णाबाई सगळ्यांत म्हाताऱ्या. त्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजे आमी मेलो असतो काय, बापू?"

"झालं असतं तसं, आजी," मी म्हणालो.

ललिताताईंनी बायकांना पिशव्या उतरवायला लावल्या. "यष्टीनं जाऊ," एवढंच म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"ताई, शिव्या तरी द्या," मी म्हणालो.

"शिव्या कायच्या देऊ? माह्या नवऱ्याच्या गाडीचे ब्रेक ज्यानं केले होते, त्याले बी माहीत होतं काम कच्चं हाये म्हणून. तो आला नाही. तू आला."

मला रस्त्यावरच रडू आलं. मी काय पाप केलं होतं ते मला माहीत होतं, आणि ही बाई मला त्यातून हात धरून बाहेर काढत होती. तिचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही.

गाडी मी क्रेन बोलावून, मागची चाकं उचलून टोचन करून परत आणली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं अकोल्याला जाऊन स्लीव्ह आणली आणि शटर पूर्ण बंद करून कामाला बसलो. काटा दीडवर आला, तरी मी तीनदा मोजलं.

संध्याकाळी ललिताताई आल्या. मी त्यांना काटा दाखवायला लागलो, तर त्यांनी पाहिलंही नाही.

"परवा तपोवनाकडं लग्न हाये," त्या म्हणाल्या. "बसवू ना बायायले?"

"बसवा, ताई," मी म्हणालो.

त्यांनी किल्ली घेतली आणि गाडी सुरू केली.