हर्षाचं आंदण

शामलाबाईंचे उपकार मी या जन्मी फेडणार नाही, आणि फेडायची माझी इच्छाही नाही. काही उपकार अंगावर असलेलेच बरे वाटतात. त्यांनी काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हालाही पटेल.

इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत आमचं 'नत्थूजी अँड सन्स' हे दुकान आहे. नत्थूजी म्हणजे माझे सासरे. ते गेल्यावर माझे यजमान गद्दीवर बसले आणि मागच्या वर्षी तेही गेले, चहाचा कप हातात असताना, बसल्या जागी. तेरवी झाल्यावर थोरले दीर वामनराव म्हणाले, "मिनल, दुकान किरायानं देऊन टाकू. एक प्लास्टिकवाला मागून राहिला. तुले घरबसल्या पैसा येईल." मला घरबसल्या काही नको होतं. घरात भिंती खायला उठत होत्या. मी म्हणाले, गद्दीवर मी बसते. भाऊजी माणूस वाईट नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, "बस. पण ही लग्नसराई पाहून घे. आंदणाचं गिऱ्हाईक आलं नाही, तं मंग माझं ऐकशील." मी कबूल केलं.

आमच्या धंद्याचा सगळा जीव आंदणात असतो. लेकीला सासरी पाठवताना माहेरचे घागर, उभट गंज, पसरट कोपर, समई असं सगळं देतात, आणि त्यात कोणी फार घासाघीस करत नाही. एरवीचं गिऱ्हाईक चहाचं एक पातेलं नेतं आणि त्यासाठी अर्धा तास डोकं खातं.

माझ्याकडे पातेलंवाले येत होते. आंदणवाले पायरीपर्यंत येत. बायकांच्या घोळक्यात कोणीतरी कोणाच्या तरी कानाला लागे आणि घोळका पुढच्या दुकानात शिरे. विधवेच्या हातून लेकीची पहिली घागर कोण घेईल? तोंडावर सगळे ताई-ताई करतात. एका बाईंनी तर अख्खा संच काढायला लावला, ठोकून-वाजवून पाहिला आणि मग विचारलं, "गद्दीवर कोणी माणूस नाही का?" मी म्हटलं, "मग मी कोण आहे, बाई?" त्या हसल्या, येतो म्हणाल्या आणि गेल्या त्या गेल्याच. भांडी परत फळीवर चढवताना मी इतकी तडकले होते की एक गंज आपटलाच. त्याला पोचा पडला आणि नुकसान माझंच झालं.

माझी मुलगी चिन्मयी समाजशास्त्रात एम.ए. करते. परीक्षा जवळ आली होती, म्हणून दुपारी दुकानातच पुस्तक घेऊन बसायची.

"समाजाची रचना माणसाले घडवते, की माणूस रचनेले घडवतो? यावर पेपरात हमखास प्रश्न येते," ती म्हणाली.

"मग तू काय लिहिशील?"

"दोन्ही. रिवाज आपल्याले अडवतात, अन् काही करायचं तं रिवाजाचाच आधार लागते. लोक रोज पाळतात म्हणून ते टिकतात. कोणी जरा वेगळ्या तऱ्हेनं पाळले, तं बदलतातही."

"तुह्या पुस्तकवाल्यांले म्हणा, एक लग्नसराई माझ्या गद्दीवर येऊन बसा."

"आई, चिडू नको ना वं. मी तुह्याच बाजूनं बोलून राहिली."

होती खरी. पण मला तेव्हा कोणाचीच बाजू दिसत नव्हती.

आमच्या शेजारचं दुकान मधुकररावांचं. शामलाबाई त्यांच्या पत्नी. मधुकरराव माझ्या यजमानांचे दोस्त आणि धंद्यातले वैरी, दोन्ही एकाच वेळी. त्यांच्या हर्षाचं लग्न खापरखेड्याच्या घरी ठरलं. आता आमच्या ओळीत एक जुना रिवाज आहे. भांडेवाल्यानं आपल्या लेकीचं आंदण आपल्या दुकानातून द्यायचं नाही, ओळीतल्या दुसऱ्या दुकानातून घ्यायचं. आणि त्या दुकानात गद्दीवर जो असेल, त्यानं पहिल्या घागरीला कुंकू लावून स्वतःच्या हातानं ती द्यायची. असं का, ते कोणाला माहीत नाही. भांडत भांडत का होईना, एकमेकांना धरून राहावं म्हणून जुन्या लोकांनी ठरवलं असेल. त्यामुळे लग्न निघालं की आंदण कोणाकडून घेतात यावर सगळ्या ओळीचा डोळा असतो.

मधुकरराव कोपऱ्यावरच्या मोठ्या शोरूममध्ये जाणार, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मीही. शामलाबाई रीतिभातीच्या फार कडक. याच संक्रांतीला मला बोलावणं नव्हतं; दुकानामागच्या त्यांच्या घरातलं हळदीकुंकू मी भिंतीच्या अलीकडून ऐकलं होतं.

त्या दिवशी सकाळी मी नुकती गद्दी झटकून बसले होते. शामलाबाई, हर्षा आणि ताट घेतलेल्या चारपाच सुवासिनी पायरी चढून आत आल्या. मला वाटलं, जास्तीच्या खुर्च्या मागायला आल्या असतील.

"मिनल, घागर दाखव," शामलाबाई म्हणाल्या. "हर्षाच्या आंदणाची."

आणि मी काय केलं असेल? मी उठले. गद्दीवरून खाली उतरले, भिंतीला लागून उभी राहिले आणि म्हणाले, "चिन्मयी, तू दे बेटा." मला कोणी ऊठ म्हटलं नव्हतं. वर्षभर ज्यांच्यावर चरफडले, त्यांचंच काम माझं मी करून मोकळी झाले.

"तू काहून उठली वं?" शामलाबाईंनी विचारलं.

"चिन्मयी देते ना. शुभकार्य आहे."

"गद्दीवर रोज कोण बसते?"

"मी."

"मंग बस."

मागची एक बाई हळूच म्हणाली, "अवं शामला, पण रिवाज..."

"रिवाजच पाळून राहिली मी," शामलाबाई वळून म्हणाल्या. आवाज चढला होता. "गद्दीवरच्या माणसाच्या हातून घ्याची, असा रिवाज आहे ना? त्यात बाई की माणूस, सवाष्ण की काय, असं कोणी सांगितलं? तुले माहीत असंल तं सांग." त्यांनी कुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरला. "लाव."

मी परत गद्दीवर बसले. हर्षानं तांब्याची घागर निवडली, अंगाला ठोके असलेली. करंड्यात बोट घालताना थोडं कुंकू गद्दीच्या पांढऱ्या चादरीवर सांडलं. घागरीला बोट लावलं आणि ती हर्षाच्या ओटीत दिली. पोरगी वाकली आणि माझ्या पाया पडली. तिला काय आशीर्वाद दिला, मला आठवत नाही. मी रडत होते, चिन्मयी रडत होती, आणि दारात हातगाडीवाले थांबून बघत होते.

दुपारपर्यंत सगळ्या ओळीला कळलं. त्याच आठवड्यात सक्करदऱ्याच्या एका घरची माणसं आली आणि गंज-कोपरासकट सगळा संच घेऊन गेली. मग आणखी आली. सगळी नाही आली, अजूनही काही पायरीवरून परत जातात. पण लग्नसराई संपताना भाऊजी दुकानात आले, चहा प्यायले आणि उठता उठता म्हणाले, "त्या प्लास्टिकवाल्याले मी नाही म्हणून सांगून टाकलं."

हर्षा सासरी गेल्यावर एक दिवस मी शामलाबाईंकडे गेले. त्या एकट्याच होत्या. मी म्हटलं, "वहिनी, तुमचे आभार कसे मानू, मले कळत नाही. तुमच्यामुळं माझं दुकान राहिलं."

"मले किती भेव वाटलं, तुले काय सांगू," त्या म्हणाल्या. "पोरीच्या सासरचे काय म्हणतील, काही इकडंतिकडं झालं तं."

"मग काहून केलं?"

भिंतीपलीकडे त्यांच्या दुकानातून मधुकररावांचा खोकला ऐकू आला. मागच्या थंडीपासून तो थांबला नव्हता.

"तू रोज दुकान उघडत होती," शामलाबाई म्हणाल्या. "लोक परत जात, तरी दुसऱ्या दिवशी तू बसलेलीच. मी पाहत होती. तू घरी बसली असती, तं मी घागर घ्याले कोणाकडं आली असती?" मग पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "अन् उद्या मलेही गद्दीवर बसा लागलं, तं बसाले जागा पाहिजे ना वं."

मी त्यांचा हात घट्ट धरला.

"तशी वेळ देव न आणो, वहिनी," मी म्हटलं. "पण आलीच, तं पहिलं गिऱ्हाईक मी."