पिवळ्या लोकरीची गाठ

कुत्र्याची घाण फक्त पायाला लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा बागेत ग्रास कटर चालवून बघावा. नायलॉनची दोरी गरागरा फिरते आणि गवतात जे काही लपलंय ते थेट माळ्याच्या अंगावर येतं. आमच्या माळ्याची बावीस वर्षं यातच गेली. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडात कुत्री फिरवणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या शिव्या. "पाळायची हौस यांना आणि निस्तरायचं आम्ही," हे तो दिवसातून दहादा म्हणे.

त्यातही पिशवीवाले त्याच्या फार डोक्यात जात. ही मंडळी घाण उचलतात, पिशवीला गाठ मारतात आणि येताना नेऊ म्हणून ती गवतातच ठेवून पुढे जातात. येताना कोण बघतंय.

त्या दिवशी मात्र स्वारी खुशीत होती. तीन आठवडे दवाखान्यात काचेच्या पेटीत असलेली नात आज पहिल्यांदा बाहेर येणार होती. भेटीची वेळ अकरा ते बारा. मुलीनं सांगितलं होतं, "बाबा, आधी तुम्ही घ्या." नर्सची अट एकच, अंग आणि कपडे स्वच्छ हवेत. म्हणून त्यानं इस्त्रीचा शर्ट घडी करून सोबत आणला होता. बाकाजवळची शेवटची पट्टी कापायची राहिली होती आणि तो चक्क गुणगुणत होता. म्हणजे तोंड उघडं होतं.

फट्‌ झालं. गालावर, गळ्यात, चष्म्यावर आणि जिभेवर. उन्हानं कोमट झालेलं, बुळबुळीत, कडू. सकाळचा चहा उलटून गवतावर पडला.

नळाखाली त्यानं साबणाची वडी अर्धी झिजवली, बोटानं जीभ खरवडली, शर्ट बदलला. तरी वास काही जाईना, कानामागे की केसांत, कुठे बसला होता देव जाणे. "ज्यानं टाकली त्याला त्याच्याच हातानं उचलायला लावीन, नाहीतर नाव लावणार नाही," असं पुटपुटत तो दोरीत अडकलेल्या चिंध्या सोडवू लागला. पावाची पिशवी होती. तोंडाशी पिवळ्या लोकरीची दुहेरी गाठ.

त्याचा हात थांबला. अशी लोकर महिनाभर त्याच्याच घरात पायात येत होती. लोकर काय, कुत्रं काय, एकट्याच्याच घरी असतं का, असं मनाला समजावत त्यानं गाठ धुऊन खिशात घातली.

दवाखान्यात पोचायला पावणेबारा झाले. नर्सनं दारातच नाक मुरडलं. "आजोबा, आत नाही सोडता येणार. एवढंसं बाळ आहे ते." काचेतून दिसलं, नात त्याच्या बायकोच्या कुशीत होती आणि डोक्यावर पिवळी टोपी. बघता बघता बारा वाजले आणि नर्सनं बाळ पुन्हा पेटीत ठेवलं.

बायको फुललेल्या चेहऱ्यानं बाहेर आली. "अहो, होतात कुठे? वाट बघून मग मीच घेतली."

त्यानं खिशातली गाठ तिच्यापुढे धरली. तिचा चेहरा उतरला.

"सकाळी आपल्या कुत्र्याला बागेत फिरवलं तेव्हा इकडे यायची घाई होती," ती म्हणाली. "येताना उचलणारच होते. पण मग जवळच्या रस्त्यानं घरी गेले."

"सगळेच येताना उचलणार असतात."

"चुकलं माझं. उद्या घ्याल ना तिला."

"उद्याचं उद्या. आधी बागेत चल."

ती गुमान आली. दोरीनं चार हातांवर उडवलेलं सगळं ती वाकून वाकून एका पिशवीत भरत होती आणि तो पिशवीचं तोंड उघडून धरत होता. मध्येच तिनं नाकाला पदर लावला. "शी, काय वास मारतोय."

"तुला नुसता वास आलाय," तो म्हणाला. "मला चव माहीत आहे."